बंदूक अंगाला बसणे

रायफलीवर नेम धरण्यासाठी पुढे एक आणि मागे एक अशा दोन खुणा असतात. छऱ्यांच्या बंदुकीला पुढे केवळ माशी असते. मागच्या खुणेचे काम नेमबाजाचा डोळाच करतो. म्हणून बंदूक खांद्याला लावली की डोळा दर वेळी नेमका त्याच जागी यावयास हवा, आणि ते सर्वस्वी दस्त्याच्या मापावर अवलंबून असते. मोठ्या माणसाच्या मापाचा दस्ता लहान चणीच्या व्यक्तीच्या काखेत अडकतो, मान पुढे ताणली जाते आणि कंबर मागे झुकते. अशा स्थितीत बसणारा धक्का गालाला व दंडाला इजा करतो. धक्क्याच्या धास्तीने डोळे मिटण्याची सवय एकदा जडली की ती सुटता सुटत नाही.

चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर प्रौढ पुरुषासाठी साधारणतः 14 ते 14½ इंच असते; बारा-तेरा वर्षांच्या मुलास वा मुलीस 12½ ते 13 इंच पुरते. दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवून बोट चापाला पोचते का, हे पाहण्याची जुनी रीत फसवी आहे. तीत मान आणि खांदे यांचा विचारच नसतो. त्याऐवजी बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, शिकणाऱ्याने डोळे मिटून ती खांद्याला लावावी व मग डोळे उघडावेत. माशी नळीवरील पट्टीच्या मध्यावर दिसली आणि नाक व अंगठा यांत दोनएक बोटांचे अंतर राहिले, तर माप जुळले.

लहानांसाठी हलकी बंदूक, हा समज मात्र घातक आहे. 24 ग्रॅम छरे सेकंदाला 400 मीटर वेगाने सुटले, तर केवळ छऱ्यांचा हिशेब धरूनही 3 किलोची बंदूक सेकंदाला 3.2 मीटर वेगाने मागे येते, 2.4 किलोची 4 मीटर वेगाने, आणि तिच्या धक्क्याची ऊर्जा सव्वापट असते. बंदुकीचे वजन छऱ्यांच्या 96 पट असावे, हा बर्मिंगहॅमचे बंदूककार ग्रीनर यांच्या नावे सांगितला जाणारा नियम किमान मर्यादा म्हणूनच पाहावा. वजन हातांना पेलेल इतके राखून काडतूसच हलके निवडणे श्रेयस्कर. ‘चारशे दहा’ ही चिमुकली बंदूक मुलांना कौतुकाने दिली जाते. परंतु तिच्यात छरे इतके थोडे मावतात की तबकडी फोडणे मुरलेल्या नेमबाजासही कठीण जाते. बिचारे मूल चुकत राहते आणि कंटाळते.

वीस बोअरची बंदूक हा चांगला मध्यममार्ग होय. तथापि घरात बारा बोअरचीही असेल, तर काडतुसे कटाक्षाने वेगळी ठेवावीत. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकते. त्यामागे दुसरे भरून चाप ओढला तर नळी फुटते. वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करतात ती याच कारणाने.

भारतात परवान्यासाठी किमान वय 21 वर्षे आहे. त्याआधी केवळ नियमांनुसार, देखरेखीखाली शिकता येते. तोवर शरीर वाढतच असते. तेव्हा दस्ता कापून घेतल्यास कापलेला लाकडाचा तुकडा जपून ठेवावा. दोन-तीन वर्षांनी कारागीर तोच पुन्हा बसवून देऊ शकतो.