पाण्यावरील खूण

समुद्रावरील संकट म्हटलें कीं आपणांस वादळ आणि खडक आठवतात. परंतु कित्येकदां एक दोरही नाव बुडविण्यास पुरेसा होतो.

ब्रिटनच्या किनाऱ्यालगत खेकडे व शेवंड धरण्यासाठीं कोळी समुद्राच्या तळाशीं पिंजरे सोडतात. त्यांचा दोर वर आणून बोयास, म्हणजे तरंगत्या खुणेस, बांधतात. धंदा प्रामाणिक आहे. संकट येतें तें खुणेच्या हयगयीमुळें. बोयाऐवजीं कोणी तेलाचा रिकामा डबा बांधतो. काळा डबा रात्रीं दिसत नाहीं. भरतीओहोटीच्या ओढीनें तो पाण्याखालींही जातो. पॉलिप्रॉपिलीनचा दोर पाण्याहून हलका असल्यामुळें सैल पडतांच पाण्यावर पसरतो. लहान नाव त्यावरून गेली, कीं तो पंख्यास वेढे घालतो व इंजिन बंद पडतें. मग तळाचे पिंजरे नांगराप्रमाणें नावेस मागून धरून ठेवतात. नाळ लाटा फोडण्यासाठीं घडविलेली असते, मागील बाजू तशी नसते. म्हणून लाटा तेथून आंत शिरतात. अशा वेळीं दोर कापण्यास पाण्यांत उतरणें म्हणजे जीव धोक्यांत घालणेंच होय.

उपाय सोपा आहे: ठळक रंगाचा बोया, त्यावर निशाण, आणि पाण्यांत बुडणारा दोर. स्कॉटलंडांत २०२० सालीं अशा खुणांविषयीं कायदाही झाला.

पिंजरा टाकणाऱ्यास आपली जागा ठाऊक असते. खूण असते ती अनोळखी नाविकासाठीं. ती नीट ठेवणें हा शेजारधर्मच आहे, असें आम्हांस वाटतें.