विजयापत्रांचे शोधनोत्तर वाळवण

विजयेचे शोधन वैद्यबंधू निष्ठेने करतात. घाई होते ती वाळवणात. बाभळीच्या सालीच्या काढ्यात स्वेदन व नंतर गोदुग्धाची भावना, अशी पाने दोनदा ओली होतात. पोंभुर्ण्यासारख्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात दुधाची पाने आंबतात, बुरशी धरतात. शोधन हिवाळ्यातच करावे. पातळ थर, सावली, खेळता वारा. पान चुरताना कुरकुरले पाहिजे. बरणी आठवड्याने उघडून वास घ्यावा. कुबट आल्यास द्रव्य टाकावे, तुपात परतून वास लपवू नये! जातीफलादि चूर्णात विजयेचा वाटा मोठा. ओलसर पानाने मात्राच बिघडते. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने शेंड्यांविना पान गांजा ठरत नाही, तथापि परसात विनापरवाना लागवड गुन्हाच. पान परवानाधारकाकडूनच घ्यावे, पावती जपावी.