सरकारी फॉर्म भरताय? तुमची माहिती कोणाला दिसते ते आधी बघा!



आमच्या बॅचमधल्या एक ताई घरातूनच मसाले विकतात. जीएसटी नंबर घेतला आणि काही दिवसांत एक अनोळखी माणूस थेट घरी हजर! ताई घाबरल्या. "सर, माझी माहिती लीक झाली का?"

नाही. जीएसटी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये नंबर टाकला की लॉगिन न करताही मालकाचं नाव, नोंदणीची तारीख आणि व्यवसायाचा पत्ता कोणालाही दिसतो. व्यापाऱ्याची खात्री करता यावी म्हणूनच ही सोय आहे. आणखी एक गोष्ट. १५ अंकी-अक्षरी नंबरातले पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचा २७) आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. प्रोप्रायटर असाल तर तो तुमचा स्वतःचाच पॅन! आणि हा नंबर बिलावर, बोर्डावर लावावाच लागतो.

म्हणून पत्ता घरचा द्यायचा की गाळ्याचा, हे नोंदणीआधी ठरवा. पण धंदा खरोखर जिथे चालतो तोच पत्ता द्या, खोटा नको.

मग कोणतं खातं आपल्या माहितीचं काय करतं, हे कळणार कसं?

१. पोर्टलच्या तळाशी 'प्रायव्हसी पॉलिसी' असते. पाच मिनिटं काढून वाचा.

२. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४(१)(ख). कोणती कागदपत्रं ठेवतो, जन माहिती अधिकारी कोण, अशा १७ बाबी प्रत्येक कार्यालयाने न मागता जाहीर करायच्या असतात.

३. तिथेही सापडलं नाही तर १० रुपये फी भरून अर्ज करा. उत्तराची मुदत साधारण ३० दिवस. "माझी माहिती का दिली?" असं विचारू नका. "अर्जदारांची माहिती इतर विभागांना देण्याबाबतच्या आदेशाची प्रत द्यावी" असं लिहा. भांडण नको, कागद मागा.

४. उद्यम नोंदणी आधारवर होते. आपलं आधार कुठे-कुठे वापरलं गेलं, याचा मागच्या सहा महिन्यांचा इतिहास यूआयडीएआयच्या साइटवर दिसतो. महिन्यातून एकदा बघाच.

आजचा गृहपाठ: स्वतःचा जीएसटी नंबर सर्च करा. अजून घेतला नसेल तर ओळखीच्या दुकानदाराच्या बिलावरचा टाकून बघा. गिऱ्हाइकाला काय दिसतं ते आधी आपल्याला माहीत हवं.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!