पाणबुडीतील श्वासाचे गणित

मनुष्याने केवळ हातापायांच्या बळावर पाण्याखाली नाव चालवावी, ही कल्पना जुनीच आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात डेव्हिड बुशनेल याने ‘टर्टल’, म्हणजे ‘कासव’, नावाची एक लाकडी पाणबुडी बांधली. सप्टेंबर १७७६ मध्ये एझ्रा ली हा सैनिक तीत एकटाच बसला आणि हाताने दांडे फिरवीत न्यूयॉर्क बंदरातील इंग्रजांच्या ‘ईगल’ या युद्धनौकेवर चालून गेला. ती मोहीम फसली. त्या पाणबुडीतील कोंडलेली हवा सुमारे अर्धा तासच पुरत असे.

इतका थोडा वेळ का? समजा, एका बंद कोठडीत १००० लिटर हवा आहे. तीत प्राणवायू सुमारे २१० लिटर असतो. श्रम करणारा मनुष्य मिनिटास एक लिटर प्राणवायू घेतो व जवळजवळ तितकाच कर्बद्विप्राणिद वायू सोडतो, असे धरू. अर्ध्या तासात प्राणवायूचा सातवा हिस्साच खर्च होईल. परंतु कर्बद्विप्राणिदाचे प्रमाण मात्र शेकडा ३ होईल. मग धाप लागते, डोके दुखू लागते. म्हणजे बंद नावेत प्राणवायू संपण्यापूर्वीच उच्छ्वासाचा वायू घात करतो.

पायडल मारून चालविण्याच्या पाणबुड्यांच्या शर्यती १९८९ साली अमेरिकेत फ्लोरिडा येथे सुरू झाल्या. या पाणबुड्यांच्या आत पाणीच भरलेले असते. चालक टाकीतील दाबलेली हवा नळीने घेतात आणि उच्छ्वास पाण्यात सोडतात. त्यामुळे पहिली अडचण दूर होते. पण दुसरी उभी राहते.

पाण्यात दर १० मीटर खोलीस दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. फुप्फुसांत जाणारी हवा भोवतालच्या दाबाचीच असावी लागते. बॉईलच्या नियमाप्रमाणे दुप्पट दाबाच्या एक लिटर हवेत पृष्ठभागावरील दोन लिटर हवा सामावते. म्हणून १० मीटर खोलीवर प्रत्येक श्वासास टाकीतील हवा दुप्पट लागते.

आता हिशेब मांडू. १२ लिटरच्या टाकीत २०० वातावरणांच्या दाबाने हवा भरली, तर ती २४०० लिटर होते. ५० वातावरणांइतकी, म्हणजे ६०० लिटर, हवा संकटासाठी राखून ठेवावी. उरली १८०० लिटर. स्वस्थ बसलेल्यास मिनिटास सुमारे ८ लिटर हवा पुरते. पण जोराने पायडल मारणाऱ्यास ६० लिटर लागते असे धरू. ५ मीटर खोलीवर दाब दीडपट, म्हणून खर्च ९० लिटर. १८०० भागिले ९०, म्हणजे २० मिनिटे. हीच पाणबुडी १० मीटर खोल गेली, तर १५ मिनिटेच मिळतील.

विद्यार्थिमित्रांनो, खोलीचा गुणाकार जो विसरेल तो याच टाकीवर ३० मिनिटांचा भरवसा धरील. आणि १० मीटर खोलीवर त्याची राखीव हवादेखील विसाव्या मिनिटासच संपलेली असेल! स्वस्थ माणसाचा श्वास हिशेबात धरणाऱ्याची चूक तर याहूनही घातक. वहीतील चुकलेले उदाहरण पुन्हा सोडविता येते. पाण्याखाली ती संधी मिळत नाही. म्हणून श्रम मोठा धरावा, खोली अधिकात अधिक धरावी आणि राखीव हवेस हात लावू नये. आता १५ मीटर खोलीचे उदाहरण स्वतः सोडवून पाहा. उत्तर १२ मिनिटे आले, तर रीत समजली असे खुशाल समजा.