कारखान्याचे इंग्रजी : बोलण्याआधी लिहिणे

इंग्रजी येत नाही म्हणून मोठे गिऱ्हाईक हाताला लागत नाही, ही तक्रार मालाडमध्ये मालवणीपासून पठाणवाडीपर्यंत कुठेही ऐकू येते. त्यावर उपाय म्हणून घरातील मुलाला फाडफाड इंग्रजी बोलण्याच्या क्लासला घातले जाते. लिंक रोडवरच्या माइंडस्पेसमध्ये नोकरी करायची असेल तर ते ठीकच आहे, तेथे बोलणे हेच काम असते. परंतु कापडाच्या आणि शिवणकामाच्या धंद्यात पैसा बुडतो तो न लिहिल्यामुळे, ही गोष्ट आपले बंधू ध्यानात घेत नाहीत.

आम्ही उर्दू माध्यमातून शिकलो. महाराष्ट्रात सर्व शाळांतून पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली, म्हणजे आमच्या पिढीनंतर. तेव्हा व्याकरणाची भीती बाजूला ठेवावी. कंपनीच्या ऑफिसला आपल्या चिठ्ठीतून एवढेच हवे असते : माल कोणता, किती, दर काय, कोणत्या तारखेला मिळणार आणि पैसे कधी द्यायचे.

तारखेचेच पाहा. आपण कारखान्यात 'कल' म्हणतो तो गेलेला दिवसही असतो आणि येणाराही. समोरासमोर बोलताना भागते, पण तेच इंग्रजीत सांगताना 'यस्टरडे' आणि 'टुमारो' यांची अदलाबदल करणारे चांगले चांगले मास्टर आम्ही पाहिले आहेत. म्हणून सरळ तारीख लिहावी आणि महिना अक्षरांत लिहावा. ०४/०५ म्हणजे आपल्याकडे ४ मे, पण अमेरिकन गिऱ्हाइकाच्या लेखी ५ एप्रिल. तसेच 'लाख' परदेशी ऑफिसात चालत नाही, 'वन हंड्रेड थाउजंड' लिहावे लागते. 'प्रीपोन' हा आपला लाडका शब्दही तिकडे अनेकांना कळत नाही.

'हो जाएगा' याचे इंग्रजीत 'यस' होते, आणि ऑफिसवाला त्या 'यस'वर पुढे वचन देऊन बसतो. शंका असेल तर स्पष्ट लिहावे : 'वी कॅन डिलिव्हर ३०० पीसेस बाय १२ जून, बॅलन्स २०० बाय २० जून.' यात कमीपणा नाही. उलट मर्चंडायझरला असाच माणूस हवा असतो.

काही शब्दांना तर पैशाचे वजन असते. निर्यातीच्या लेटर ऑफ क्रेडिटमध्ये आकड्याआधी 'अबाउट' किंवा 'अप्रॉक्सिमेटली' असेल, तर २००७ पासून लागू असलेल्या यूसीपी ६०० या बँक नियमांप्रमाणे त्या आकड्यात १० टक्के कमी-जास्त चालते. तो शब्द नसेल आणि माल नगावर असेल, तर ५०० म्हणजे ५००च. एका शब्दासाठी बँक कागद परत करू शकते.

आता देशातल्या उधारीकडे वळू. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघु कारखानदाराला दिलेले संरक्षण लेखी कागदावरच उभे आहे. लेखी करार असला तरी खरेदीदाराला माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे मुदत घेता येत नाही. करार नसेल तर १५ दिवसच. माल पोहोचल्यावर १५ दिवसांत त्याने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोहोचला त्याच दिवशी स्वीकारला असे धरले जाते. उशिराबद्दल बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज आहे. मात्र उद्यम नोंदणी माल देण्याआधीच करून ठेवावी. (नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या आम्हा कापडवाल्यांची नोंदणी होते, पण तिचा लाभ बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरता आहे.) म्हणून माल पोहोचला की त्याच दिवशी दोन ओळी पाठवाव्यात : 'वी डिलिव्हर्ड ५०० पीसेस अगेन्स्ट युवर ऑर्डर टुडे, ३ जून. चलन अटॅच्ड. प्लीज कन्फर्म रिसीट.'

फोनवर ठरलेल्या गोष्टीचेही तसेच. आमच्या ओळखीच्या एका कारखान्याला खरेदीदाराच्या माणसाने फोनवर बटण बदलायला सांगितले. माल तयार होईतो तो माणूस नोकरी सोडून गेला होता आणि नव्या माणसाने सगळा लॉट परत केला. फोन ठेवताच 'ॲज डिस्कस्ड ऑन फोन टुडे' एवढ्याने सुरू होणारी एक ओळ गेली असती, तर दाखवायला काही तरी हातात असते.

शिकण्यासाठी पुस्तक नको. आपल्याकडे आलेली शेवटची ऑर्डर घ्यावी, मुलीला किंवा मुलाला शेजारी बसवावे आणि अडलेला प्रत्येक शब्द वहीत उर्दूत वा मराठीत अर्थासह उतरवावा. लिहिण्याचे काम मुलांनी केले तरी चालेल, पण पाठवण्यापूर्वी काय लिहिले ते मालकाला कळलेच पाहिजे. पहिल्या वहीत 'शॉर्टेज', 'रिजेक्शन' आणि 'डेबिट नोट' हे शब्द हवेत. डेबिट नोट म्हणजे आपल्या बिलातून कापलेली रक्कम. ती मान्य नसेल तर गप्प बसू नये. त्याच आठवड्यात लिहावे : 'वी डू नॉट ॲक्सेप्ट धिस डेबिट. प्लीज सेंड इन्स्पेक्शन रिपोर्ट.'