मुरघासाचा सौदा टनावर नको, कोरड्या वजनावर करा

मक्याचा बाजार वर गेला की मुरघास महागणारच, हे विकणाऱ्याला कळतं आणि घेणाऱ्यालाही. किती महागायला हवा, याचा हिशेब मात्र क्वचितच कुणी मांडतो. शेजारच्या गावात काय दर निघाला ते फोनवर विचारायचं, त्यात शंभर-दोनशे कमी-जास्त करायचे आणि इसार घ्यायचा, अशीच रीत आहे. मीही उभा मका असाच देत आलो. बाजार शांत होता तोवर चालून गेलं.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली. पाठोपाठ जानेवारीत मक्याच्या इथेनॉलचा दर लिटरला ७१ रुपये ८६ पैसे झाला. पोल्ट्रीवाले आणि पशुखाद्यवाले जो मका घेत होते, त्याला आता डिस्टिलऱ्यांचंही गिऱ्हाईक मिळालं. हमीभाव त्या हंगामाला क्विंटलला २,०९० होता, पुढच्या वर्षी २,२२५ झाला, २०२५-२६ साठी २,४००. अशा वेळी हिरवा मका कापून देणारा शेतकरी दाण्याच्या पैशावर पाणी सोडत असतो. ते पैसे मुरघासाच्या दरात यायलाच हवेत.

हिशेब असा. एकरी २५ क्विंटल दाणा धरा, २,२०० रुपयांनी ५५,००० झाले. मोडणी, मळणी, वाळवण, वाहतूक यांचे ८,००० वजा केले की ४७,००० उरतात. पण दाणा विकला तर ताटं रानातच कुजवता येतात आणि पिकाने घेतलेलं पालाश बहुतेक ताटातच असतं. हिरव्या मक्याच्या एका टनाबरोबर साधारण चार किलो पालाश शेताबाहेर जातं. १८ टन दिलेत तर ७२ किलो, म्हणजे पोटॅशच्या जवळजवळ अडीच गोण्या. रशिया-युक्रेन युद्धानंतर ५० किलोची गोणी १,७०० पर्यंत गेली होती, त्या भावाने हे चार हजार रुपये. एकूण ५१,००० भागिले १८, म्हणजे उभ्या पिकाला टनामागे २,८०० च्या वर. हिरवं कापल्याने रान तीन-चार आठवडे आधी मोकळं होतं, एखादं पाणीही वाचतं, त्याचे शे-दोनशे सोडायला हरकत नाही. दाणा क्विंटलला शंभराने हलला की याच हिशेबात मुरघासाचा मका टनामागे सुमारे १४० रुपयांनी हलतो. एवढा एक आकडा पाठ असला तरी व्यापाऱ्यापुढे बसताना धीर येतो. तुमच्या रानाचा उतारा वेगळा असेल, तर आकडे तुमचे घाला.

आता जे घडलं ते सांगतो. एका रब्बीत तालुक्याबाहेरच्या व्यापाऱ्याने टनाला २,६०० रुपयांनी माझा मका घेतला. कणसात चीक असताना तोडायचा, असं तोंडी ठरलं. "दादा, मशीन दुसऱ्या रानात अडकलंय, उद्या येतंच," असं करत मार्चच्या उन्हात दोन आठवडे गेले. खालची पानं करपली, दाणा टणक झाला. १८ टनांचा अंदाज होता, काट्यावर एकरी १४ टन भरले. "काटा खोटं बोलतो का?" तो म्हणाला. काटा खरंच खोटं बोलत नव्हता. मक्यातली वैरण तेवढीच होती, उडालं होतं ते पाणी. तरी एकरी दहा हजारांवर माझे गेले. व्यापाऱ्याचंही फार भलं झालं नाही म्हणा. वाळलेली कुट्टी नीट दाबली गेली नाही, हवा राहिली आणि बॅगांना बुरशी लागली.

याला उपाय आहे आणि तो स्वयंपाकघरातला आहे. ट्रॉलीत पाच-सहा ठिकाणांहून मूठ-मूठ कुट्टी घ्या, एकत्र करून एक किलो मोजा आणि मोठ्या कढईत मंद आचेवर परतत राहा. करपू देऊ नका. दोनदा मोजून वजन सारखंच आलं की थांबा. उरलं ते खरं चाऱ्याचं वजन. ३३० ग्रॅम उरले तर ३३ टक्के कोरडं, मुरघासाला हे उत्तम. दर या ३३ टक्क्यांवर बोला आणि माल जसा निघेल तसा बदला. २,६०० चा दर ३० टक्क्यांच्या ओल्या मालाला २,३६४ होतो, ३८.५ टक्क्यांच्या वाळलेल्याला ३,०३३. मग १८ टन भरोत की १४, एकरी साडेबेचाळीस हजारच येतात. विकणारा नाडत नाही आणि घेणाराही पाण्याचे पैसे मोजत नाही. कढईला वेळ नसेल तर मुठीत कुट्टी घट्ट आवळा. बोटांतून पाणी गळलं तर माल कोवळा. गोळा लगेच विस्कटला तर वाळलेला. तळहात ओलसर राहून गोळा सावकाश उलगडला तर बेत बरोबर.

कडब्याचं गणित वेगळं. तो दाण्याच्या बाजाराकडे बघत नाही, पावसाकडे आणि रब्बी ज्वारीच्या पेऱ्याकडे बघतो. शिवाय शेकड्यावर विकला जातो. पेंढी काही ठिकाणी किलोभराची, काही ठिकाणी दोन किलोंची, मग शेकड्याच्या दराला अर्थ काय? गाडीतल्या दहा पेंढ्या ताणकाट्याला लावा आणि किलोचा दर काढा. कोरड्या वजनात एक किलो कडबा सुमारे पावणेतीन किलो मुरघासाबरोबरचा. मात्र मुरघासात दाणा असतो, म्हणून दोन्ही एका भावात तोलू नका.

विकणाऱ्यांनी एक विसरू नये. आपला खर्च वाढला म्हणून गिऱ्हाइकाचा खिसा वाढत नाही. २०२४ मध्ये गायीच्या दुधाला इतका कमी दर होता की सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावं लागलं. बारा लिटरची गाय दिवसाला १८-२० किलो मुरघास खाते. किलोमागे रुपया वाढवला की तिच्या मालकाला लिटरमागे दीड रुपया जास्त पडतो. त्यापुढे तो कडबा, ऊस, वाढे काहीही घालेल, नाहीतर गाय विकेल. तुमच्या दाण्याचा हिशेब हा दराचा तळ, त्याच्या दुधाचा हिशेब हा माथा. तळ माथ्याच्या वर गेला, तर त्या वर्षी मुरघासाच्या नादी न लागता मका दाण्यालाच ठेवावा.

सौदा कागदावर करा, वही-पेनाचा चालेल. दर किती कोरड्या मालासाठी, तोडणी कोणत्या तारखेपर्यंत, उशीर झाल्यास घट कोणाची आणि वजन कुठल्या काट्यावर, हे चारही त्यात असू द्या. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय कुट्टी मशीन रानात उतरू देऊ नका.