रंधा टाकला आणि फळीही गेली

माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणतो, बैलगाड्या घडवणारे सुतार. आता गाड्या कुणी करवून घेत नाही. वाकस, पटाशी आणि गिरमिट पडवीतल्या पेटीत पडून असतात. 2021 च्या उन्हाळ्यात मी त्यांच्याजवळ बसून गाडीचे शब्द टिपू लागलो. तुंबा, आरे, धाव, आख, साटा, जू, शिवळ ही नावं ऐकून माहीत होती. पण नाना रंगात आले की लाकूड निवडण्यापासून तापलेली धाव चाकावर चढवेपर्यंत प्रत्येक कृतीला वेगळा शब्द निघायचा. वही काढली की ते अवघडायचे, फोन हातात असला की बोलत राहायचे. म्हणून मी फोनवर एक फुकटचा टेक्स्ट एडिटर उतरवून घेतला आणि त्यात टिपत गेलो.

चार महिन्यांत तीनशेच्या वर शब्द जमले. मग एका संध्याकाळी फोन जागा संपल्याचं सांगू लागला. नको ती ॲप्स काढताना मी तो एडिटरही काढला. त्यातल्या जाहिराती फार वाढल्या होत्या आणि तो पुन्हा घ्यायला दोन मिनिटं पुरली असती. पुन्हा घेतला, उघडला. यादी कोरी होती.

एडिटर हे हत्यार आहे आणि मजकूर माझा, अशी माझी समजूत होती. रंधा टाकून दिला म्हणून तासलेली फळी कुठे जाते? इथे गेली. अँड्रॉइड प्रत्येक ॲपला स्वतःची खासगी जागा देतं, आणि ॲप काढलं की ती जागा आतल्या फाइलींसकट पुसली जाते. आयफोनवरही ॲप काढताना त्याच्या स्वतःच्या फोल्डरातला मजकूर जातो. माझ्या सगळ्या टिपा त्या जागेतच होत्या. दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने समजावलं की हल्लीच्या फोनमधला साठा कूटबद्ध असतो, पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा ठेवू नका. त्याने पैसे घेतले नाहीत.

सगळ्यात जास्त लागली ती दुसरीच गोष्ट. देवनागरीतलं एक चिन्ह यूटीएफ-8 या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत, तीन बाइट घेतं. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष, असे नऊ बाइट. लाखभर चिन्हांचा मजकूर धरला तरी तीन लाख बाइट, म्हणजे फोनमधल्या एका फोटोपेक्षाही कमी. जागा मजकुराने अडत नाही. मी काढायला हवे होते ते फोटो.

तुम्ही फोनवर काही लिहीत असाल तर आजच एक करून बघा. एडिटर बंद करा, फोनचं ‘फाइल्स’ ॲप उघडा आणि तुमची फाइल शोधा. ती ‘डॉक्युमेंट्स’सारख्या सामायिक फोल्डरात दिसली आणि दुसऱ्या एखाद्या ॲपने उघडली, तर ती तुमच्या ताब्यात आहे. दिसलीच नाही, किंवा ‘अँड्रॉइड’ फोल्डरातल्या ‘डेटा’मध्ये सापडली, तर आधी ती बाहेर काढा, मग पुढचा शब्द लिहा. मी आता मार्कोर (Markor) हा एडिटर वापरतो. तोही फुकट आहे, मुक्त स्रोताचा आहे, त्याला इंटरनेट लागत नाही आणि मजकूर साध्या फाइलींत राहतो. फोल्डर मी स्वतः निवडलेलं आहे. शिवाय दर रविवारी फाइलच्या नावात तारीख घालून ती स्वतःलाच ईमेल करतो, कारण फोन चोरीलाही जातो.

फाइल संगणकावर नेताना एन्कोडिंग यूटीएफ-8 आहे ना, हे बघावं. विंडोजचं जुनं नोटपॅड आपणहून ‘एएनएसआय’ सुचवायचं, आणि त्यात जतन केलेल्या मराठीची नुसती प्रश्नचिन्हं होत. 2019 पासून नवं नोटपॅड यूटीएफ-8 धरून चालतं, पण जुने संगणक अजून पुष्कळ ठिकाणी आहेत. आणखी एक, खास मराठीचं. ‘कुऱ्हाड’मधला ऱ्ह दोन प्रकारे टंकता येतो, एकदा नुक्त्याच्या ऱ ने, एकदा र, हलन्त आणि न दिसणाऱ्या जोडचिन्हाने. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोध मात्र एकाला दुसरा मानेलच असं नाही. शब्द यादीत असूनही सापडत नाही आणि माणूस तो पुन्हा लिहीत बसतो. सगळीकडे एकच कळफलक वापरायचा, हा मला जमलेला उपाय.

नानांकडे पुन्हा गेलो. त्यांनी न कंटाळता पुन्हा सांगायला सुरुवात केली. दोनशे चाळीस शब्द परत आले. धाव चढवताना गरम लोखंडावर पाणी ओतायच्या नेमक्या वेळेला ते काहीतरी म्हणत. मी ते लिहिलं होतं एवढं पक्कं आठवतं. नाना दोन दिवस आठवत बसले, मग म्हणाले, “बघू रे, येईल कधीतरी.” फाइलमध्ये त्या ओळीपुढची जागा मोकळी ठेवली आहे.